अर्ध्या जिन्याचं घर

बाई कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे प्रयोगशाळेत यायचे आणि बाई खाली मान घालून त्यावर एकेक दात बसवायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांकडे बघून त्यांना एक खोड लागली होती. माणूस हसला की त्या आधी त्याच्या हिरड्या बघायच्या आणि मग चेहरा. त्यांचे यजमान नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. निम्म्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचा देह दांडगा. ते दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा आणि घरातलं कोणीतरी म्हणायचं, "बाबा, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा."

हे म्हणणारी बहुतेक वेळा त्यांची लेक असायची. एकुलती एक, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. तिघं नव्या शहरात भाड्याच्या घरात राहत होती. घर नीटनेटकं होतं, लिफ्ट होती, पण भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी मालकाला विचारावं लागे. बाईंना ते फार लागायचं. "मला माझी भिंत हवी. मग ती पडकी का असेना," असं त्या म्हणायच्या. पुढे ते शब्दशः खरं झालं.

शहराच्या जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून साखरेची वाटी देता-घेता यावी. घरं दोनमजली, एकमेकांना खांदा लावून उभी. लोक नव्या शहरात निघून गेले तसं निम्म्या दारांना कुलपं लागली. त्यात सरकारने तो सगळा भाग जतन करायचा ठरवला. म्हणजे घर पाडायचं नाही, उंच करायचं नाही, साधी खिडकीसुद्धा मनासारखी बदलायची नाही. त्यामुळे बिल्डर तिकडे फिरकेनात आणि ज्यांची मोठं घर घ्यायची ऐपत नव्हती अशांना तिथलं घर परवडू लागलं.

दलालाने बाईंना आणि मास्तरांना पहिलं जे घर दाखवलं, त्याचं दार उघडण्याआधीच तो जरा घुटमळला.

"एक सांगायचं राहिलं. घर म्हणजे तसं अर्धं घर आहे."

"अर्धं म्हणजे?"

"बघालच आता."

आत ओल्या मातीचा वास होता. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, मधे जिना. एकेकाळी तो ऐसपैस असणार, दोन माणसं गप्पा मारत शेजारी शेजारी चढतील एवढा. पण पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, बरोबर मधोमध, फळ्यांची भिंत उभी होती. खालपासून थेट छताला भिडलेली. अलीकडे अर्धा जिना, पलीकडे अर्धा.

मास्तर चढायला गेले आणि तिसऱ्या पायरीवर खांदे अडकून थांबले. मग आडवे झाले आणि खेकड्यासारखे तिरके तिरके वर गेले. फळ्या करकरल्या. तोच पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि मागोमाग कोणीतरी बोललं.

"घर घ्यायचं असेल तर घ्या, नसेल घ्यायचं तर जिना दणाणवू नका."

"हे कोण?" बाईंनी हळूच विचारलं.

"ते कंडक्टर. पलीकडचा अर्धा भाग त्यांचा." दलालाने आवाज आणखी खाली आणला. "त्यांच्या वडलांचं आणि काकांचं बिनसलं, तेव्हा दोघांनी घर उभं चिरलं. वरची खोली, खालची खोली, जिना, सगळं मधोमध. काकांच्या मुलांना हा भाग नकोय, म्हणून विक्रीला काढलाय."

"भांडण कशावरून झालं?"

"सायकलीवरून!" फळ्यांपलीकडून उत्तर आलं.

मास्तर वरून हसले. बाई मात्र भिंतीवरून हात फिरवत होत्या. गिलावा पोपडे धरून सुटत होता. त्यांनी नखाने एक पोपडा काढला, आतली वीट बघितली आणि त्यांचा चेहरा मास्तरांच्या चांगल्या ओळखीचा झाला. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात कसा बसवायचा, हे मनात ठरवताना त्यांचा चेहरा तसाच व्हायचा.

"अगं, अर्ध्या जिन्याचं घर कोण घेतं?" घरी जाताना मास्तरांनी विचारलं.

"आपण," बाई म्हणाल्या.

पुढची काही वर्षं त्या घराने तिघांचा घाम काढला. सामान आणतानाच त्याची सुरुवात झाली. पलंग खोलून, तुकडे करून वर नेला. कपाट काही केल्या जिन्यात शिरेना. शेवटी वरच्या खिडकीची चौकट काढली आणि रस्त्यातून दोर लावून कपाट वर खेचलं. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. कंडक्टर आपल्या दारात खुर्ची टाकून बसले होते. किडकिडीत बांधा, पांढरी मिशी, नोकरी संपली तरी अंगात खाकी शर्ट. कपाट अधांतरी गरगर फिरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमच्या बसमध्ये याला लगेज लागलं असतं."

कोणीतरी पूर्वी भिंतींना सिमेंट फासलं होतं, त्यामुळे ओल आतल्या आत कोंडून विटा कुजत होत्या. ते सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा होता. गवंडी लावला, पण तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि तीनदा निरोप पाठवायचा. मग बाईंनी त्याच्याकडूनच काम शिकून घेतलं. चुना भिजवायचा कसा, मुरू द्यायचा किती, थापी कशी धरायची, हे त्यांना पटकन जमलं. हाताला प्लास्टरची सवय होतीच, फक्त आता जबड्याऐवजी भिंत होती. प्रयोगशाळेतून आल्या की त्या डोक्याला फडकं बांधायच्या आणि शिडीवर चढायच्या. मास्तर दिवसभर स्वच्छ पाण्यात राहून घरी आले की पांढऱ्या धुळीत उभे राहायचे. "या घरात आंघोळ आधी करायची की नंतर, हेच मला कळेनासं झालंय," म्हणायचे आणि निमूटपणे बादल्या वर नेऊन द्यायचे. आडवे चालत, दोन्ही हात डोक्यावर धरून.

लेकीला मात्र घर कधीच आवडलं नाही. तिला खोली होती, पण खोलीला छत पुरतं नव्हतं. मैत्रिणींना घरी बोलवायची सोय नव्हती. एकदा परीक्षेत पेपर लिहिताना केसांतून चुना उत्तरपत्रिकेवर पडला, तेव्हा ती घरी येऊन रडली होती. "तुम्हाला घर दुरुस्त करायचंय की मला मोठं करायचंय?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळं काम थांबवून आधी तिच्या खोलीचं छत पुरं केलं. पण शिक्षण संपताच लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि तिथे नव्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर घर घेतलं. बाईंनी ते बघून छान आहे म्हटलं. मनातून वाईट वाटलं ते त्यांनी मास्तरांनाही सांगितलं नाही.

खिडक्यांची कथा वेगळीच. बाईंनी मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची खिडकी बसवायचा घाट घातला, तर जतन कार्यालयातले एक साहेब येऊन उभे राहिले. नाही म्हणाले. लाकडीच हवी, जुन्या पट्ट्यांची. बाईंनी वाद घातला, मग सुतार शोधला. तो सुतार म्हातारा आणि मितभाषी होता. खिडकी दुरुस्त होऊन पुन्हा बसली तेव्हा बाई पाच वेळा ती उघडून मिटून बघत राहिल्या. बाहेरून लोटली की हलका 'टक' आवाज व्हायचा. साहेब पुन्हा गल्लीत आले तेव्हा बाईंनी आपण होऊन त्यांना चहा दिला.

या सगळ्या काळात कंडक्टर फळ्यांच्या पलीकडे राहत होते. लग्न केलेलं नव्हतं. एकटेच. फळ्यांमधून एकमेकांचं सगळं ऐकू यायचं. त्यांचा खोकला, यांची भांडणं, त्यांचा रेडिओ, यांची करवत. पण समोरासमोर बोलणं फारसं नव्हतं. ते सुरू झालं चुन्याच्या फुलामुळे.

वरच्या पुढच्या खोलीच्या छताला चुन्याचं एक मोठं फूल होतं, जुन्या कारागिराने घडवलेलं. घर चिरलं तेव्हा फूलही चिरलं गेलं. मधल्या भिंतीच्या अलीकडे अर्धं, पलीकडे अर्धं. बाईंच्या बाजूच्या पाकळ्या ओलीने गळून गेल्या होत्या. कंडक्टरांच्या बाजूच्या शाबूत असल्या तर त्यांचा साचा घेऊन आपल्याकडच्या पाकळ्या बनवता येतील, हे बाईंना दिसत होतं. त्यांनी धीर करून कंडक्टरांचं दार वाजवलं.

"साचा घेणार? छताचा?" कंडक्टरांनी विचारलं. बोलताना त्यांची वरची कवळी सुटून खालच्या दातांवर आपटत होती. बाईंचं लक्ष अर्थातच तिकडेच होतं.

"हो. दातांचा घेतात तसाच. छताला काही होणार नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हटलंत तरी तुमची कवळी सैल आहे ती आहेच," बाई म्हणाल्या. "ती मी नीट करून देईन. साच्याशी तिचा संबंध नाही."

कंडक्टरांनी तोंडावर हात धरला आणि दार पुरतं उघडलं. बाईंनी शिडीवर चढून पाकळ्यांचा साचा घेतला, खाली उतरल्या आणि कंडक्टरांच्या जबड्याचाही घेतला. "एका भेटीत घराचे दोन्ही मजले उरकलेत," कंडक्टर म्हणाले. कपाटाच्या दिवसानंतर त्यांनी केलेला पहिला विनोद, जो बाईंना फळ्यांआडून ऐकावा लागला नाही.

कवळी घट्ट बसली, पाकळ्याही बसल्या. बाईंना वाटलं, आता विचारायला हरकत नाही. त्यांनी जिन्याचं बोलणं काढलं. कंडक्टरांनी त्यांचा भाग विकावा, वाटल्यास हयातभर तिथेच राहावं, फक्त जिना मोकळा करू द्यावा. कंडक्टर एकदम ताठ झाले.

"माझ्या बापाने स्वतःच्या हाताने मारलेल्या फळ्या आहेत त्या. मी जिवंत आहे तोवर एकही निघणार नाही. कवळीबद्दल आभारी आहे."

बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्या जिन्याकडे बघितलं की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. सगळं घर मार्गी लागत होतं आणि मधोमध हे व्यंग तसंच होतं. मास्तर म्हणायचे, "अगं, मी आता असा आडवा चालायला शिकलोय की सरळ चाललो तर पडेन."

आणि ते पडलेच, पण जिन्यावर नव्हे. एका रविवारी सकाळी वरच्या खोलीत भिंतीला चुना देताना स्टुलावरून त्यांचा पाय निसटला. सगळा देह एका बाजूवर आपटला. बाई खालून धावत वर आल्या तर मास्तर जमिनीवर पडलेले, चेहरा पांढराफटक, आणि उजवा पाय भलत्याच कोनात वळलेला.

"हलवू नकोस," मास्तर दातओठ खात म्हणाले. "खुब्यात गेलंय काहीतरी."

रुग्णवाहिका गल्लीत शिरत नव्हती. दोघं कर्मचारी स्ट्रेचर घेऊन चालत आले, जिन्यापाशी थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले. कसाबसा एक जण वर आला. मास्तरांना तपासून म्हणाला, खुब्याचं हाड मोडलंय, यांना आडवं आणि सरळच न्यायला हवं. खुर्चीत बसवता येणार नाही, उचलून वाकवता येणार नाही. आणि स्ट्रेचर तर या जिन्यातून उभंसुद्धा निघणार नाही.

"खिडकीतून?" खालचा ओरडला. "दोर लावून?"

बाई म्हणाल्या, "एकदा कपाट चढवलंय आम्ही."

"मी काय कपाट आहे?" मास्तर कण्हत म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता आणि आवाज खोल गेला होता. बाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. त्यांनी पटाशी शोधून चौकट काढायला घेतली. ज्या हातांनी आयुष्यभर केसाएवढी फट भरली, त्यांना एक खिळा निघेना.

तेवढ्यात जिन्यातून दणका ऐकू आला. मग दुसरा. मग गंजलेले खिळे लाकडातून ओढले जाताना जसे किंचाळतात तसा आवाज. बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. वरची एक फळी थरथरली, वाकली आणि पलीकडे ओढली गेली. त्या फटीतून धूळ आली आणि धुळीमागे कंडक्टर. अंगात नुसता बनियन, हातात पहार. त्यांनी वर बघितलं नाही. एकामागून एक फळी काढत ते खाली गेले. मधले दोन उभे वासे आड येत होते, ते त्यांनी करवतीने कापले. मध्येच एकदा थांबून त्यांनी छातीवर हात धरला, दम घेतला आणि पुन्हा करवत धरली. खालच्या कर्मचाऱ्याने मदतीला हात लावला तेव्हा त्याच्यावर खेकसले, "तुम्ही पेशंटकडे बघा!"

शेवटचा वासा पडल्यावर जिना उघडा पडला. कंडक्टर भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "चला, पुढे चला. जागा आहे."

चौघांनी मिळून मास्तरांना खाली आणलं. डोक्याकडे कर्मचारी, पायांकडे बाई आणि कंडक्टर. मधल्या पायऱ्या वजनाने खाली दबल्या, एक कडाड्‌कन वाजली, पण मोडली नाही. मास्तर त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच जिन्यातून सरळ गेले, आणि तेही आडवे पडून.

शस्त्रक्रिया नीट झाली. हाडात धातूची पट्टी बसवली. दोन-तीन दिवसांनी बाई जरा घराकडे वळल्या तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. त्याने जिन्याखाली वाकून बघितलं. पायऱ्या जुन्या होऊन मध्ये खचल्या होत्या आणि इतकी वर्षं त्या फळ्यांच्या वाशांवरच टेकून होत्या. वासे गेले, टेकू गेला. आता दोनच मार्ग, तो म्हणाला. वासे आणि फळ्या होत्या तशा पुन्हा उभ्या करायच्या. नाहीतर सगळा जिना उतरवून, खाली नवी तुळई घालून, एकच अखंड जिना करायचा.

बाईंनी कंडक्टरांकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, आता वेगळं काही विचारायची गरज नाही.

"होतं तसं करा," कंडक्टर म्हणाले.

"अहो, पण..."

"माणूस न्यायचा होता, नेला. म्हणून भिंत नको, असं मी कुठे म्हटलं?"

बाईंना राग आला. पण ज्या माणसाने आपल्या नवऱ्यासाठी बापाची भिंत फोडली त्याच्यावर रागवायचं तरी कसं? त्या दवाखान्यात निघून गेल्या. मास्तरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मदत केली म्हणजे घर दिलं असं नसतं. तू त्याला छळू नकोस."

सुतार हातातलं दुसरं काम उरकून येणार होता आणि सुतारांचं 'उरकून' म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. तोवर त्याने पायऱ्यांखाली दोन बल्ल्यांचा तात्पुरता टेकू लावून दिला. जिना तसाच मोकळा राहिला. बाई आपल्या बाजूने जपून चढत, कंडक्टर आपल्या बाजूने. मध्ये काही नसलं तरी दोघंही मधली रेघ ओलांडत नव्हते. एकाच वेळी समोर आले तर दोघंही भिंतीकडे सरकत.

एका सकाळी बाई दवाखान्यात न्यायचा डबा भरत असताना कंडक्टर दाराशी आले.

"सुताराला सांगा, दुसरं करा."

"दुसरं म्हणजे?"

"ते तुळईवालं. अखंड."

बाईंच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. "काय झालं मधेच?"

कंडक्टरांनी मिशीवरून हात फिरवला. "परवा गादी उन्हात घालायला खाली आणली. सरळ खांद्यावर टाकली आणि उतरलो. आजवर ती गुंडाळून, दोरी बांधून, ढकलत ढकलत आणायचो. दर वेळी कंबर धरायची. मला वाटायचं, गादीच जड आहे."

मग लगेच आवाज चढवून म्हणाले, "वरती माझ्या खोलीला दार पाहिजे. कुलूप माझं. आणि घर विकायचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," बाई म्हणाल्या.

जिना उतरवल्यावर घरात जिनाच उरला नाही. वर जायला सुताराची शिडी. तेवढ्यात मास्तरांना घरी सोडायची वेळ झाली आणि पंचाईत उभी राहिली. बाईंच्या खालच्या खोलीत सांडपाण्याच्या नळासाठी जमीन खणलेली होती, वर जाणं शक्य नव्हतं. कंडक्टरांनी स्वतःची खालची पुढची खोली झाडून ठेवली. कोणी काही म्हणायच्या आत खाट लावली.

"शिडीवरून चढवणार आहात का त्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मास्तर तिथे राहिले ते जिना होईपर्यंत आणि नंतरही बरेच दिवस. दोघांचं रोज कशावरून तरी वाजायचं. कंडक्टर पहाटे उठून खुडबुड करत, मास्तरांना उशिरापर्यंत झोप हवी असे. कंडक्टर पत्त्यांत चलाखी करत, मास्तर रागवून पत्ते फेकत. मास्तरांना पायाचे व्यायाम दिले होते, ते करताना एकटं वाटू नये म्हणून त्यांनी कंडक्टरांनाही कामाला लावलं. "बाकावर पालथे पडा. आता हात असे फिरवा. श्वास बाजूला." बाई एकदा अचानक आल्या, तर सत्तरीच्या घरातला माणूस खाकी शर्टात बाकावर पालथा पडून हवेत पोहत होता आणि त्यांचा नवरा कुबडी आपटून ताल देत होता. लेक सुट्टी घेऊन वडलांना बघायला आली होती, तीही बाईंच्या मागे उभी होती. ती इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. त्या घरात लेक एवढं हसल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

जाताना लेक नव्या जिन्यावरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. "आई, चांगला झालाय," म्हणाली. "मला आताही इथे राहायला सांगू नकोस. पण चांगला झालाय."

"सांगितलंय कुठे?" बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पुष्कळ वर्षांचं काहीतरी न बोलता मिटलं. पूर्ण मिटलं असंही नाही, पण टोचेनासं झालं.

मास्तर हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी कंडक्टरांना खरोखरच तलावावर नेलं. ते उथळ पाण्यापलीकडे कधी गेले नाहीत, पण पाठीवर पडून तरंगायला शिकले. "तिकीट न काढता प्रवास," असं ते त्याला म्हणत. बाईंनी कंडक्टरांच्या भागातलं सिमेंटही हळूहळू काढून चुना लावून दिला. ते बघून गल्लीतल्या इतरांनी त्यांना बोलवायला सुरुवात केली. कोणाच्या छताचं नक्षीकाम पडलेलं, कोणाच्या भिंतीला ओल. नव्या शहरात कंटाळलेली काही तरुण जोडपी जुन्या भागात घरं घेऊ लागली होती. त्यांना काय खरवडायचं आणि काय राहू द्यायचं, हे सांगणारं कोणीतरी हवंच होतं. कवळ्यांची नोकरी संपल्यावर बाईंचे दिवस असे लोकांच्या छतांखाली, मान वर करून जाऊ लागले. "आयुष्यभर खाली मान घालून बसले, आता परतफेड चाललीय," असं त्या मानेला शेक देताना म्हणायच्या.

कंडक्टर गेले ते झोपेतच, काही न दुखता. सकाळी त्यांची खुडबुड ऐकू आली नाही म्हणून मास्तर वर गेले. दाराला कुलूप तर नव्हतंच, कडीही लावलेली नव्हती. नंतर बाईंच्या लक्षात आलं की ते दार बसवून घेतल्यापासून त्यांनी कधीच आतून लावलं नव्हतं. पत्त्यांचा जोड मास्तरांनी खणात ठेवून दिला.

कंडक्टरांचा पुतण्या दूरगावी असायचा. तो येऊन सरळ म्हणाला, "तुम्हाला हा भाग हवा होता असं काका सांगायचे. पहिला हक्क तुमचाच. बोला."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. "तुला हवा होता ना?"

बाईंनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. त्या एकट्याच कंडक्टरांच्या खोल्यांमधून फिरल्या. आपण लावलेला चुना बघितला, खिडकी उघडली, मिटली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर आलं होतं आणि आता हात पुढे होत नव्हता. हवा होता तो जिना मिळाला होता. बाकीच्या खोल्या घेऊन त्यांत ठेवायचं काय? पण फक्त तेवढंच नव्हतं. या बाजूला कोणी राहत असलं की बरं वाटतं, ही सवय त्यांना कधी लागली ते कळलंच नव्हतं.

"राहणारं माणूस बघा," त्यांनी पुतण्याला सांगितलं. "कुलूप लावून ठेवणारं नको."

एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी तो भाग घेतला. एकट्याच होत्या, दोन मांजरं होती आणि घर दुरुस्तीचा काडीचाही अनुभव नव्हता. सामान लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या अवघडून बाईंच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"त्रास देते जरा. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक डाग आहे. काल तळहाताएवढा होता, आज ताटाएवढा झालाय. घाबरायचं का?"

बाईंनी मास्तरांना हाक मारून चहा गाळून ठेवायला सांगितलं, खुंटीवरचं फडकं घेतलं आणि डोक्याला बांधलं.

"आज घाबरू नका," त्या म्हणाल्या. "आधी मला बघू द्या. वर छताची कौलं शेवटची कोणी चाळलीत, काही माहीत आहे का?"